फलकाचा पाया

आमच्या हिवरखोरीच्या वाकी नदीचं संवर्धन करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांना कळवण्यात आलं. जालन्यात सळ्या बनवणाऱ्या एका कारखान्याला कळवलं, संभाजीनगरच्या एका संस्थेला कळवलं, तालुक्याला कळवलं, दोन पेपरांना फोटोसह कळवलं. नदीला तेवढं कळवायचं राहून गेलं. ती भोकरदन रस्त्यावरच्या पुलाखाली नेहमीसारखी पडून होती. पावसाळ्यात तीन महिने वाहायची, पुढे दोन महिने झिरपायची, आणि उरलेलं वर्ष ट्रॅक्टरवाल्यांना जवळचा रस्ता म्हणून उपयोगी पडायची.

समितीचं नाव 'वाकी नदी व पाणलोट क्षेत्र संवर्धन लोकभागीदारी समिती'. हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत म्हैस पाणी पिऊन परत येते. अध्यक्ष राजानंद भाऊ. ते माजी सरपंच आहेत आणि भावीही आहेत, मधल्या काळात रिकामे असतात. कारखान्यातर्फे राधेश्यामजी, राहणार मस्तगड, जालना. माणूस सज्जन. कारखान्याची सामाजिक जबाबदारी ते एकटे सांभाळायचे, बाकीचे सगळे सळ्या बनवायचे. संस्थेतर्फे प्रियदर्शनी मॅडम. आणि सचिव मी. मी भोकरदनच्या कॉलेजात शिकवतो आणि माझं अक्षर बरं आहे. गावात एवढा गुन्हा पुरतो.

समितीत एक महिला प्रतिनिधी लागत होती. नियमच तसा होता. राजानंद भाऊंनी फार विचार न करता खालच्या गल्लीतल्या गोजरबाईचं नाव सांगितलं. साठीची बाई, दोन म्हशी, नदीकाठी घर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती मीटिंगला येणार नाही याची खात्री. आमच्याकडे बायकांना मीटिंगचा त्रास देत नाहीत. मीटिंग झाली की रजिस्टर त्यांच्या घरी जातं. मी जायचो.

"गोजरामाय, इथं सही करा."

ती शेणाचे हात धुवायची, पदराला पुसायची. साक्षरतेच्या वर्गात ती सही करायला शिकली होती आणि सही करणं तिला मनापासून आवडायचं. 'गो' लिहून एकदा थांबायची, बघायची, मग पुढचं लिहायची.

"राशनचं हाय का?"

"नदीचं आहे."

"बरं बरं. चांगलं हाय."

अशा पाच सह्या तिने केल्या. पाच ठराव सर्वानुमते मंजूर झाले. आमच्या समितीत सगळंच सर्वानुमते होतं. विरोधात हात वर करणं म्हणजे त्या माणसाच्या घरच्या लग्नाला न जाण्यासारखं आहे, आणि लग्नं तर सगळ्यांच्या घरी असतात.

पहिलं काम नकाशाचं झालं. मारुतीच्या पारासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, असं प्रियदर्शनी मॅडमनी सांगितलं. लोकांच्या ज्ञानातून निघालेला नकाशा. आम्ही तीसेक पुरुष उकिडवे बसलो. नदी काढली, पूल काढला, राजानंद भाऊंचा ऊस काढला, भाऊंनी तो थोडा वाढवून घेतला. मग मॅडमनी विचारलं, "उन्हाळ्यात नदी आटल्यावर पिण्याचं पाणी कुठून आणता?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"घरातून," कुणीतरी म्हणालं.

उत्तर अगदी खरं होतं. पाणी घरात रांजणात असतं. ते रांजणात कसं येतं याची चौकशी आमच्यापैकी कुणी कधी केलेली नव्हती. शेवटी नळयोजनेची टाकी काढली, एक बोअर काढला, एक टँकर काढला आणि नकाशा पूर्ण झाला. टाळ्या झाल्या. चहा आला. चहा पारामागे गोजरामायने केला होता आणि त्यातलं पाणी तिच्या झिऱ्याचं होतं.

हे मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. पुलाच्या वरच्या अंगाला, नदीच्या पात्रातच, गोजरामायचा झिरा आहे. कमरेइतका खड्डा. त्यात बाजूने हळूहळू पाणी पाझरतं. वाटीने काढायचं, घागर भरायची, थांबायचं, पुन्हा काढायचं. तिच्या सासूने तो धरला होता. टँकर वेळेवर येत नाही आणि नळ कधीच येत नाही, त्यामुळे होळीपासून मृगापर्यंत खालच्या गल्लीतली अठरा घरं आणि गोजरामायच्या दोन्ही म्हशी त्याच झिऱ्यावर असतात. पावसाळ्याआधी ती त्यावर एक चपटा धोंडा ठेवते, वर वाळू लोटते, म्हणजे पुराचा गाळ आत जात नाही आणि ट्रॅक्टरचं चाकही अडकत नाही. होळी झाली की धोंडा हलवायचा. मधल्या काळात तो कुठे आहे हे फक्त बायकांना माहीत. नकाशा आम्ही काढला होता.

दुसरं काम फलकाचं. नदीचं काम म्हटलं की फलक लागतो, त्याशिवाय काम कुठे झालं हे कळत नाही. आधी साधाच फलक ठरला होता, दोन खांब आणि वर पत्रा. पण भागीदारी वाढत गेली. कारखान्याचं नाव आलं, मग कारखान्याच्या मालकांचं, मग त्यांच्या मातोश्रींचं. संस्थेचं आलं. राजानंद भाऊ म्हणाले, माझं आलं तर उपाध्यक्षाचंही आलं पाहिजे, नाहीतर तो तोंड फुगवतो. उद्घाटनाला येणारे साहेब ठरले, त्यांचं नाव सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठं. अशी एकतीस नावं झाली. एकतिसावं माझं, सचिव म्हणून, पदवीसह. खाली कोपऱ्यात डोक्यावर घागर घेतलेल्या गोजरामायचा फोटो, त्याखाली 'लाभार्थी'. फलक वीस फूट बाय दहा झाला. त्यावर सहा सूचना होत्या. तिसरी सूचना अशी, 'नदीच्या पात्रात बांधकाम करू नये.'

एवढा मोठा फलक वाऱ्याने पडणार. म्हणजे पक्का पाया पाहिजे. सळ्या कारखान्याने लगेच पाठवल्या, सगळ्या प्रकल्पात वेळेवर आलेलं साहित्य तेवढंच. जागा कुठली? दोन्हीकडून येणाऱ्या बसमधून दिसली पाहिजे. डाव्या काठाला राजानंद भाऊंचा ऊस, भाऊ म्हणाले, "नदीसाठी जीव देईन, पर ऊस कामून?" उजव्या काठाला स्मशान, तिथे साहेबांचं नाव लावणं बरं दिसलं नसतं. राहिलं पात्र. पुलाच्या वरच्या अंगाला.

लतीफ मिस्त्री कामावर होते. आमच्याच गावचे, सबंध तालुक्यात दगडी बांधकामाला त्यांच्यासारखा हात नाही. जानेवारीत त्यांनी खड्डा घेतला. पहिल्याच दिवशी वाळूखाली चपटा धोंडा लागला. लतीफभाईंनी तो बाजूला काढून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फोन केला.

"सर, पानी लागलं."

"कुठे?"

"आता नदीमंदी कुठं लागन? खड्ड्यात. चांगलं पाझरून राह्यलंय. काँक्रीट बसायचं न्हाई असं."

मी समितीला कळवलं. तातडीची बैठक झाली. तिचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे: 'फलकाच्या पायाच्या खड्ड्यात पाणी लागल्याने कामात व्यत्यय आला आहे. सदर पाण्याचा तातडीने बंदोबस्त करण्यात यावा. सूचक राजानंद भाऊ, अनुमोदक राधेश्यामजी. सर्वानुमते मंजूर.' नदी संवर्धन समितीला नदीत पाणी सापडलं आणि तिने ते अडचणींच्या यादीत टाकलं, हे लिहिताना माझा हात अडखळला नाही. प्रियदर्शनी मॅडम रजेवर होत्या. रजिस्टर घेऊन मी गोजरामायकडे गेलो, तिने हात धुतले, 'गो' लिहून थांबली, बघितलं, पुढचं लिहिलं.

सहावी सही.

राजानंद भाऊंनी उसावरचं डिझेल इंजिन आणलं. तीन दिवस ते खड्ड्यातलं पाणी उपसून पुलापलीकडे वाळूत फेकत होतं. पाणी संपेना. उपसलं की येई, उपसलं की येई.

"भौ," लतीफभाई राजानंद भाऊंना म्हणाले, "नदी वाचवायची का हटवायची, एकदा बराबर ठरवून घ्या. म्हंजी मला तसं खंदता येईन."

"तू मिस्त्री है ना? मिस्त्री का काम कर."

"करूनच राह्यलो. फक्त इचारलं."

तिसऱ्या दिवशी दुपारी गोजरामाय म्हशी घेऊन नदीत आली. इंजिनाचा आवाज तिने ऐकला होता, पण इंजिन उसाचं आहे असं तिला वाटलं होतं. नळीतून वाळूत पडणारं पाणी तिने बघितलं. मग खड्डा बघितला. मग कडेला पडलेला चपटा धोंडा. त्यावर हात फिरवला, जसा गर्दीत हरवून सापडलेल्या ओळखीच्या माणसावर फिरवतात.

"ह्यो धोंडा कुणी हालवला?"

लतीफभाईंनी टोपी काढली. "म्या हालवला, मावशी. मला काय ठावं."

"तुला न्हाई ठावं, बाबा. तुज्या नूरबीला इचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तीबी हितलंच नेती."

लतीफभाई बायकोचं नाव ऐकून मागे वळले. इंजिन त्यांनी न विचारता बंद केलं. गोजरामाय त्या धोंड्यावर बसली, खड्ड्याच्या अगदी तोंडाशी. म्हशींनी खाली वाकून पाणी प्यायला सुरुवात केली.

राजानंद भाऊ मोटरसायकलवर आले. "माय, उठ. उद्या काँक्रीट भरायचंय. रविवारी साहेब येऊन राह्यलेत."

"भर की. माज्या अंगावर भर."

"अगं, नदीचंच काम चाललंय ना."

"नदीचं काम नदी करती, राजानंदा. तू तुजं कर. अठरा घरं हितलं पाणी पेत्यात. चैतात म्या म्हशी कुठं नेऊ? तुज्या बोर्डाला चाटवू?"

"टँकर लावू."

"मागल्या साली लावला व्हता. जेवढ्या वेळा आला तेवढ्या वेळा तुज्या उसात गेला."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. आमच्या समितीत अडचण आली की सचिवाकडे बघायची पद्धत आहे.

त्या संध्याकाळी तोडगा निघाला. पायाचं काम जलद सुकणाऱ्या सिमेंटने पूर्ण करावं, असा ठराव. राधेश्यामजींनी फोनवर सांगितलं की कारखान्याच्या नियमानुसार त्यावर महिला प्रतिनिधीची सही पाहिजे, नाहीतर कार्यक्रम कारखान्याचा नाही. भाऊ म्हणाले, प्रतिनिधी बदलून टाकू. पण फोटो फलकावर रंगवून झाला होता, आणि गल्लीतल्या ज्या ज्या बाईला विचारलं तिचं उत्तर एकच होतं: "गोजरामायला इचारा." म्हणजे पुन्हा मी, पुन्हा रजिस्टर.

ती ओसरीवर बसली होती. हात धुवायला उठली नाही.

"वाचून दाखवा, सर."

आठ-नऊ महिन्यांत हे तिने पहिल्यांदा म्हटलं. खरं तर मी पहिल्यांदा ऐकलं. आधी तिने म्हटलं असेल तर मला घाई होती. मी वाचलं. आजचा ठराव वाचला. तिने बोटाने मागचं पान दाखवलं. तेही वाचलं. 'सदर पाण्याचा तातडीने बंदोबस्त करण्यात यावा.' खाली सह्या. तिची सहावी.

तिने त्या सहीवर बोट ठेवलं.

"ही माजी हाय."

"हो."

"म्हंजी पाणी फेकायचं म्याच ठरवलं?"

"सर्वानुमते ठरलं, माय."

"सर्वानुमते म्हंजी काय?"

"म्हणजे सगळ्यांनी मिळून. एकानेही नाही म्हटलं नाही."

"आन् एकानं न्हाई म्हटलं तर?"

अध्यापनाच्या वीस वर्षांत इतका नेमका प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. "तर सर्वानुमते होत नाही," मी म्हणालो.

"मंग मी न्हाई म्हणते."

तिने रजिस्टर मिटलं आणि मांडीखाली घेतलं. मांडीखाली म्हणजे खरंच मांडीखाली. समितीचे सगळे ठराव, एकतीस भागीदार, साहेबांचा रविवार, सगळं त्या जुनेऱ्याच्या घडीखाली गेलं. शुक्रवार होता.

शनिवारी सकाळी सगळी समिती तिच्या ओसरीवर बसली होती. समितीची ती पहिली बैठक, जिला महिला प्रतिनिधी हजर होत्या. प्रियदर्शनी मॅडम रजा मोडून आल्या होत्या आणि आनंदाने टिपणं घेत होत्या. राधेश्यामजी वारंवार घड्याळ बघत होते.

"माताजी, क्या चाहिए आपको?" त्यांनी विचारलं.

"मला काय नको. इंजिन न्या. खड्ड्यात सिमिट पडलं न्हाई पायजे. लतीफ, तू कडंनं दगड लावून दे, कोरडे, पाणी पाझरू देणारे."

"लावतो, मावशी."

"आन् बोर्डावर किती नावं हायेत, सर?"

"एकतीस."

"दर साली होळी झाली की झिऱ्यातला गाळ काढावा लागतो. आम्ही बायकाच काढतो. आता तुमी भागीदार हाव ना? मंग ज्याचं नाव बोर्डावर हाय त्यानं येऊन एक एक घमेलं काढायचं. आपल्या हातानं. गडी पाठवायचा न्हाई. हे लिव्हा, मंग सही."

"हे कसं शक्य आहे?" राजानंद भाऊ म्हणाले. "साहेबांचंबी नाव हाय वर."

"मोठं हाय ना? मंग मोठं घमेलं आणा त्यास्नी."

दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. मी लिहिलं. सूचक गोजरबाई. अनुमोदक कोण, म्हणून मी वर बघितलं, तर राधेश्यामजींनीच हात वर केला. त्यांना दीडच्या आत जालन्याला पोचायचं होतं. सर्वानुमते मंजूर. गोजरामायने हात धुतले आणि सही केली. या वेळी मधे थांबली नाही.

राहिला प्रश्न फलकाचा. पाया नसलेला वीस बाय दहाचा फलक. लतीफभाईंनी त्याचे खांब वाळूत रोवले, चार दोर बांधले आणि म्हणाले, "वारा आला न्हाई तर उभा राहीन."

रविवारी साहेब दोन तास उशिरा आले. वारा वेळेवर आला.

पहिला दोर प्रास्ताविकात तुटला. फलक साहेबांच्या खुर्चीवर झुकायला लागला, तेव्हा राजानंद भाऊ हळूच उठले आणि मागे जाऊन उभे राहिले. मागोमाग उपाध्यक्ष गेले. मग राधेश्यामजी. मग मी. आम्ही सोळा-सतरा जण मागून पत्र्याला पाठ लावून उभे होतो आणि प्रत्येकजण शोधत शोधत आपापल्या नावाच्या मागे गेला होता, कारण तेवढा तुकडा तरी पडू नये असं प्रत्येकाला वाटत होतं. समोर साहेब लोकभागीदारीवर पन्नास मिनिटं बोलले. लोक कुठे आहेत, असं त्यांनी एकदा विचारलं. लोक मागे होते.

मधे त्यांनी गोजरामायला जवळ बोलावलं. ती झिऱ्यापाशी म्हशी घेऊन उभी होती. लतीफभाईंनी रात्रीपर्यंत बसून झिऱ्याला कोरड्या दगडांची कड लावून दिली होती, पाणी चढत चढत काठाच्या वीतभर खाली आलं होतं.

"आजी, नदीचं काम कसं वाटलं?"

"लई कष्टाचं हाय, साहेब. बघा की, समदे पाठ लावून उभे हायेत."

साहेबांना ते फार आवडलं. पेपरात फोटो आला, साहेब, आजी, म्हशी आणि फलक. फलकाच्या खालून आमच्या सोळा-सतरा जणांचे पाय दिसतात.

कार्यक्रम झाल्यावर फलक खाली उतरवला. तो उभा करायला पुन्हा जागा मिळाली नाही, म्हणून सध्या काठावर चार दगडांवर आडवा आहे. खालच्या गल्लीतल्या बायका त्यावर कुरडया वाळत घालतात. कारखान्याच्या नावावर लवकर वाळतात, तिथे पत्रा गडद निळा आहे.

होळीनंतरच्या रविवारी आम्हाला निरोप आले. नूरबीने घरोघरी जाऊन सांगितलं. एकतिसातले चौदा आले, हे आमच्या समितीच्या हजेरीच्या मानाने जास्तच. राधेश्यामजी पांढरा सदरा घालून मस्तगडहून आले आणि गुडघ्याइतक्या चिखलात उतरले. कारखान्याची सामाजिक जबाबदारी त्यांनी एकट्याने उचलली, नेहमीसारखी. राजानंद भाऊंनी गडी पाठवला होता.

"नाव तुजं हाय का बोर्डावर?" गोजरामायने विचारलं.

"न्हाई."

"मंग तू जा. ज्याचं हाय त्याला धाड."

तासाभराने भाऊ स्वतः आले, कुणाशी न बोलता एक घमेलं काढलं, झिऱ्यात पाणी वर येताना थोडा वेळ बघितलं, आणि गेले. लतीफभाईंचं नाव फलकावर कुठेच नव्हतं. मिस्त्रीचं नाव कोण टाकतं. ते सकाळपासून आत उतरून गाळ भरून देत होते. साहेबांसाठी गोजरामायने एक घमेलं पालथं घालून ठेवलंय, मोठं, बैल धुवायचं. अजून तसंच आहे. मी इतिवृत्तात 'प्रलंबित' असं लिहिलंय.

माझी पाळी शेवटची आली. मी घमेलं अर्धं भरलं, कमरेवर हात ठेवला आणि वर द्यायला लागलो.

गोजरामायने वाकून आत बघितलं.

"भरून घ्या, सर," ती म्हणाली. "नाव पुरं लिव्हलंय ना तुमचं, पदवीसकट."